वहिनी, तुमच्या शाळेतलं कुंकू

वहिनी, त्या चैत्रात कुंकवाची गोष्ट शाळेबाहेर नेली ती मी. अण्णांच्या ओसरीवर, पानाचं तबक मधे असताना, पहिलं वाक्य माझं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यमूच्या आईला नाही, यमूला नाही, आणि तुम्ही समोर होतात तोवर तुम्हाला तर नाहीच.

मागच्या आठवड्यात तुमच्या शाळेत तुमची शोकसभा झाली. पोरींनी फळ्याला झेंडूची माळ घातली होती. तुमच्या तसबिरीला घालायची, पण तुम्ही तसबीर कधी काढू दिली नाहीत, म्हणून फळ्याला. चार लोक बोलले. शेवटी एक जण म्हणाले, की बाईंच्या मागे त्यांचे दीर सुधारक वृत्तीने उभे राहिले म्हणून कर्जतसारख्या गावात हे घडलं. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. तुम्ही असतात तर ओळखलं असतंत. लहानपणी चिंचा चोरल्यावर मी अशीच मान घालीत असे.

त्या रात्रीपासून एकच घोळतंय. तेव्हा आता लिहितो.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा आपण दोघंही सागरगोटे खेळण्याच्या वयाचे. दादा आपल्याहून बराच मोठा, त्याला तुमच्याशी बोलायची लाज. म्हणून तुमचे सगळे प्रश्न माझ्या वाट्याला आले. दूध उतू जातं, पाणी का नाही जात? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? मी उत्तर ठोकून द्यायचो. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं ठरवून यायचात. पुढं दादा गेला. तुम्ही पुण्याला जाऊन मास्तरीण होऊन आलात. मी स्टेशनात मालबाबू झालो. प्रश्न तेच राहिले, फक्त आता तुमच्यामागे पंचवीस पोरी असायच्या आणि त्या सगळ्या तोच प्रश्न एकदम विचारायच्या.

इंजिनाचा दिवस आठवतो का? तुम्ही पोरींची रांग घेऊन थेट फलाटावर आलात. घाट चढायला गाडीला मागूनही एक इंजिन लावतात, ते का, हे तुम्हाला पोरींना दाखवायचं होतं. मला विचारलंत. मी म्हटलं, ओढायला एक पुरत नाही म्हणून. "मग दुसरंही पुढंच का नाही जोडत?" मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या फलाटावर पोती मोजली, कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही सरळ इंजिनाशी गेलात आणि ड्रायव्हरला विचारलंत. तो गोरा, मोडकं हिंदुस्थानी बोलणारा. त्यानं हातवारे करून सांगितलं, की मधली साखळी तुटली तर मागचे डबे घाटातून सुटतील, त्यांना मागून टेका हवा. मग त्याला काय हुक्की आली कोण जाणे, त्यानं एका पोरीला उचलून वर घेतलं आणि शिट्टीची दोरी तिच्या हातात दिली. ती भिसेगावच्या कुणब्याची ठकू. तिनं दोरी अशी ओढली की सोडीचना. स्टेशनमास्तर टोपी धरत धावत आला. मला वाटलं माझी नोकरी गेली.

खाली उतरल्यावर ठकू म्हणाली, "बाई, ही वाफंनं वाजती. मंग आमच्या चुलीवर बी वाफ व्हती, ती का नाय वाजत?"

तुमचा चेहरा तेव्हा मी पाहिला. कुणी दागिना दिला असता तरी तो तसा फुलला नसता. दुसऱ्या दिवशी तुम्ही बारीक तोंडाचा तांब्या, कणीक आणि बोरूचा तुकडा घेऊन वर्गात चूल पेटवलीत. तांब्या वाजला. फार नाही, मांजर फिसकारावं तसा. पण पोरी आठवडाभर घरोघर आपल्या आयांचे तांबे कणकेनं बंद करत होत्या.

असल्या दिवसांत मी खूश असे, वहिनी. हेही खरंच आहे, ते खोटं मानू नका. मला तुमचा अभिमान होता आणि तुमची धास्तीही होती. माझी यमू दहा वर्षांची झाली होती. पनवेलचं एक चांगलं स्थळ आलं होतं. आणि तुम्ही जेवायला वाढताना सहज बोलल्यासारखं म्हणायचात, "हिला डॉक्टरीण करायची." यमूची आई हसायची. मला हसू येत नसे. तुम्ही जे सहज बोलता ते करता, हे मला ठाऊक होतं.

त्या चैत्रात गौरीचं हळदीकुंकू गावात घरोघर चाललं होतं. तुम्हाला त्यात बोलावणं नसायचं. तुम्ही मुलींना विचारलंत, कुंकू कशाचं होतं. हळदीत चुना कालवला की तांबडं होतं हे तर प्रत्येक पोरीला ठाऊक. औक्षणाचं पाणी तसंच करतात. तुम्ही ते कालवून पोरींच्या कपाळाला लावलंत. मग कैरीचा रस बोटावर घेऊन त्यांनी एकमेकींच्या कपाळाला टेकवला, आणि टिकली पिवळी झाली. चुन्याचं पाणी लावलं की पुन्हा तांबडी. पुन्हा कैरी, पुन्हा पिवळी. दुपारी यमू धावत घरी आली ती कपाळावर हळदीचा ठिपका घेऊन. तिला धाप लागली होती. "बाबा, ते आंबटाला घाबरतं आणि चुन्याला धरून परत येतं." तिच्या आईनं आधी ठिपका पुसला, कुंकू लावलं आणि मग काय झालं ते विचारलं.

संध्याकाळी मी अण्णांच्या ओसरीवर गेलो. अण्णा म्हणजे शाळेच्या कमिटीचे मुख्य, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं नेहमीची मंडळी होती. माझी थट्टा चालली होती, की तुमची मुलगी मडमीण होणार, तुम्ही पोळ्या लाटायला शिका. मी म्हणालो, "आमच्या वहिनींचं काय विचारता. आज त्यांनी पोरींच्या कपाळावरचं कुंकू पिवळं करून घरी धाडलं."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

गंमत म्हणून बोललो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. ते वाक्य कुठं लागेल हे मला माहीत होतं. तुमच्या वर्गात लग्नं झालेल्या पोरी होत्या. विधवा बाईनं सवाष्ण पोरींचं कुंकू उतरवलं, एवढंच त्याचं व्हायला किती वेळ. मी तुमच्या वाईटावर नव्हतो. मला फक्त वाटत होतं, की शाळेला जरा चाप बसावा, तुम्ही जरा दमानं घ्यावं, आणि पनवेलचं जमून जावं. चाप बसावा म्हणून मी गावातली सर्वांत धारदार वस्तू उचलली.

दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गात सात पोरी होत्या. तिसऱ्या दिवशी यमू एकटी. तुम्ही तिला एकटीला भूमिती शिकवलीत.

ठकूचा बाप तुमच्याकडं आला तेव्हा मी पडवीत होतो. त्यानं पागोटं काढून हातात धरलं होतं. म्हणाला, "बाई, पोर हुशार हाय, मला दिसतंय. पन तिच्या सासरहून सांगावा आलाय. आमी कुंकवाशी खेळ नाय करत." तुम्ही त्याला सगळं समजावलंत. त्यानं शांतपणे ऐकलं, पाया पडला आणि गेला. ठकूचं लग्न आधीच कुंभिवलीत झालेलं होतं. पाठवणी अजून दोनतीन वर्षांनी करायची म्हणत होते, ती त्याच आठवड्यात केली.

मग कमिटी बसली. शाळेतच. गोदूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, आणि आणखी काही बायका दाराआड उभ्या. मी मागच्या भिंतीला. तुम्ही हळद घेतलीत, चुना अण्णांच्याच पानाच्या डब्यातला मागून घेतलात, आणि मांजरपाटाच्या पांढऱ्या तुकड्यावर तांबडा ठिपका केलात. कैरीचा रस टाकलात. पिवळा. "यात माझ्या हाताचा काही संबंध नाही, कुणीही करून पाहावं," असं म्हणालात. एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे कबूलच आहे. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, तुमचं घरचं माणूस, तुमचं काय म्हणणं? मी म्हणालो, कमिटी ठरवील ते. हे माझं त्या गोष्टीतलं दुसरं वाक्य.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली यमू उठली. दहा वर्षांची पोर, परकर धरून. म्हणाली, अण्णाआजोबा, हे तर आम्ही केलेलं. गोदूकाकूंच्या करंड्यातलं खरं कुंकू आणा, त्याचं काय होतं ते पाहू या.

अण्णांनी तुम्हाला विचारलं, "बाई, काय होईल?"

तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक नाही. पाहू या."

वहिनी, तुम्ही खोटं तरी बोलायचं होतं. ते कुंकू पिवळं पडलं असतं तर शाळा तिथंच संपली होती, आणि तुमचं गावात राहणंही. आणि तुम्ही, पुढं काय होणार ते ठाऊक नसलेल्या पोरीसारख्या, पुढं वाकून उभ्या. दोन्ही हात मात्र पाठीमागे धरलेले. यमूला म्हणालात, तू टाक, मी शिवणार नाही.

गोदूकाकूंनी घरून करंडा मागवून आत सरकवला. यमूनं चिमूट कापडावर ठेवली, कैरी पिळली. रस पसरला. कुंकू तांबडंच राहिलं. ओलं झाल्यावर उलट जास्तच खुललं. यमूनं आणखी पिळली. आणखी. कापड चिंब झालं तरी तांबडं.

दाराआडून गोदूकाकूंचा आवाज आला, "विकतचं पक्कं आणि घरचं कच्चं. एवढ्यासाठी पुरुष माणसं जमवलीत होय?" बायका हसल्या. मग अण्णाही हसले, आणि ते हसल्यावर बाकीच्यांना हसावंच लागलं. शाळा राहिली.

पण तुमचं त्याकडे लक्षच नव्हतं. लोक उठत होते, तुम्हाला नमस्कार करत होते, आणि तुम्ही ते कापड उजेडात धरून पुटपुटत होतात, का राहिलं, का राहिलं. घरी येताना मी विचारलं, इतकी साधी गोष्ट आधी करून का पाहिली नाही. तुम्ही चालता चालता म्हणालात, "भावजी, खरं कुंकू हातात धरून किती वर्षं झाली मला. माझ्या वाट्याला ते येतं कुठं?"

त्यानंतर माझ्याच्यानं पनवेलच्या मंडळींना होकार देववला नाही. लोक त्याला माझा सुधारकी विचार म्हणतात. विचार कसला. यमूचं तोंड पाहिलं की मला तो कैरी पिळणारा हात दिसायचा.

पुढची वर्षं आनंदाची गेली, हे कबूल करायलाच हवं. बहुतेक सगळ्या पोरी परत आल्या, नव्या आल्या. कुंकू का टिकलं हे तुम्ही पनवेलच्या बाजारात कुंकूवाल्याला विचारून आलात: हळद, लिंबाचा रस आणि सवागीखार, म्हणजे सोनारांचा टाकणखार. आंबटातच घडलेलं, आंबटाला कशाला भिईल. पण सवागी नेमकं काय करते ते तो सांगू शकेना. तुम्ही म्हणालात, यमू सांगेल. आणि ती पुण्याच्या वैद्यकीय शाळेत गेली तेव्हा आपण दोघं स्टेशनात पोचवायला गेलो, मी रडलो, तुम्ही तिला शेवटपर्यंत म्हणत होतात, "सवागीचं विसरू नकोस."

ती विसरली नाही. रसायनाच्या वर्गात शिक्षकांनी एक पिवळा कागद बाहेर काढला. म्हणाले, हा हळदीचा कागद, सवागी ओळखायला वापरतात. सवागीच्या पाण्यात थोडं तेजाब घालायचं, कागद बुडवायचा आणि वाळवायचा, की तांबडा. यमू वर्गात मोठ्यानं हसली आणि तिला बाहेर काढलं. सुट्टीत आली तेव्हा तिनं आपल्या स्वयंपाकघरात तेच तेजाबाऐवजी लिंबाच्या रसावर करून दाखवलं. कागद चुलीजवळ वाळत होता, तुम्ही त्याच्यासमोर पाटावर बसलेल्या. तो हळूहळू तांबडा होत गेला तशा तुम्ही हळूहळू गप्प होत गेलात. मग म्हणालात, आता मेले तरी चालेल. आणि लगेच, "पण थांब गं, यावर चुना टाकला तर?" टाकला. तो काळानिळा पडला. "हे का?" यमू म्हणाली, एवढं अजून शिकवलेलं नाही. तुम्ही म्हणालात, मग मी थांबते.

त्याचं उत्तर यमूनं कधी दिलं की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात ती रजा काढून आली, तुमची नाडी धरून बसली होती, तेव्हा तुम्ही दोघी बरंच काही कुजबुजत होतात आणि हसत होतात. मी दारातून ऐकत होतो, आत आलो नाही. ती आता बायकांच्या इस्पितळात काम करते. सुट्टीत आली की कशेळ्याच्या बाजारच्या दिवशी झाडाखाली बसते आणि डोंगरावरच्या बायका तिच्याभोवती गर्दी करतात. तुमच्या आणखी दोन पोरी सुइणीचं शास्त्र शिकून आल्या. एक देवी टोचायचं काम शिकते आहे. तुम्हाला हे मी सांगायला नको, तुम्हीच घडवलंत. पण लिहिताना बरं वाटतं.

आपला एक वाद राहिला. गोष्ट बाहेर कुणी नेली, हे तुम्ही वर्षातून एकदा तरी काढायचात. रागानं नाही, हिशेब न लागल्यासारखं. "इतक्या लवकर आणि इतकी वाकडी होऊन कशी गेली हो, भावजी?" मी एकदा म्हणालो, पोरींना तोंडं असतात. तुम्ही विचार करून म्हणालात, ठकू बडबडी होती खरी, तीच सासरच्या कुणाशी काही बोलली असेल. बिचारीच्याच अंगाशी आलं. मी गप्प राहिलो. तेव्हापासून तो प्रश्न तुम्ही सोडलात, उत्तर मिळालं असं धरून.

तुम्हाला मनातून ठाऊक होतं, अशी समजूत करून मोकळं व्हायचा मोह होतो. सभेहून परत येताना मी तेच करत होतो. पण ते खरं नाही. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही तोंडावर विचारलं असतंत, आणि मी सांगेपर्यंत ताटात वाढलं नसतंत.

ठकूला मात्र तुम्ही सोडलं नाहीत. बैलगाडीनं कुंभिवलीला जात राहिलात. तिनं बडबड केली असं समजूनही गेलात, ते तिला कधी बोलून दाखवलं नाहीत. तिची मुलगी भागी शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिला मागून घेऊन आलात. गेली तीन वर्षं ती तुमच्याजवळ राहिली. मी तिला कधी नीट पाहिलं नव्हतं. आता ती यमूच्या आईजवळ असते. काल सकाळी मी दाढी करत होतो तर आरशासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "आजोबा, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मंग वर-खाली का नाय?" वहिनी, मला याचं उत्तर येत नाही. तुम्हाला येत असणार. नसतं आलं तर तुम्ही नाचला असतात.

भागीला यमूसारखं शिकायचं आहे. ती स्वतः सांगते, कुणी विचारलं नाही तरी. पण कुंभिवलीहून तिच्या आजीचा निरोप आला आहे, की बाई गेल्या, आता पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची, परत धाडा. यमूची आई म्हणते, तुम्ही जाऊन सांगा, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, सगळा गाव तुम्हाला मानतो.

सगळा गाव मला मानतो, तीच तर अडचण आहे. त्या मानावर मी पोरगी मागू शकेन, आणि बहुधा मिळेलही. पण ज्याच्या बोलण्यानं आईची शाळा सुटली त्याच्याच घरी लेक ठेवायची, हे ठकूला ठाऊक असल्याशिवाय तिनं हो म्हणू नये. सांगितलं तर ती नाही म्हणेल अशी भीती आहे. मी चार दिवस हीच भीती उलटसुलट करून पाहतो आहे. ती लहान होत नाही.

सोमवारी गाडी जोडायला सांगितली आहे. ठकूच्या दारात आधी खरं सांगायचं आणि मगच भागीला मागायचं, एवढं मी तुमचं आणि तिचं देणं लागतो.